शरणपूर : नाशिकचे गाव, मोंबासाची घंटा

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून नाशिकला निघणाऱ्या यात्रेकरूंची सकाळ वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर उजाडते. गजपंथाची यात्रा म्हटली की सामान ठरलेलेच असते. पाण्याचे गाळणे, उकळून गार केलेले पाणी, खाकऱ्याचे डबे, आणि सूर्यास्तापूर्वी आटोपायच्या जेवणाची शिदोरी. गाडी नाशिक फाट्यावरून वळते, भोसरी मागे पडते आणि मोशीजवळ इंद्रायणीचा पूल येतो.

हा पूल मिनिटाभरात ओलांडला जातो. परंतु व्यापारी घरांतील माणसांनी येथे क्षणभर मनाने थांबावे, असे हे पाणी आहे. ज्यांच्या नावाने ते नगर वसले आहे, ते तुकोबा मुळात दुकानदार आणि सावकाराच्या घरातले. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाने त्यांचे घर आणि दुकान दोन्ही मोडले. पुढे धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन, आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी याच इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ज्याचे देणे बुडाले त्या कुळाच्या दृष्टीने तो दिवस मुक्तीचा होता. कागदावर बांधला गेलेला माणूस कागद नाहीसा झाला की सुटतो, ही गोष्ट वहीखाते लिहिणाऱ्या समाजाला निराळी समजावून सांगावी लागत नाही.

पुढे चाकणची गोदामे, कंटेनरच्या रांगा, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर, आणि मग नाशिक. गजपंथ शहराच्या उत्तरेस म्हसरूळला आहे. सात बलभद्रांच्या आणि असंख्य मुनींच्या निर्वाणाने पावन मानलेली ती टेकडी, डोंगरात कोरलेली लेणी आणि शेकडो पायऱ्या यांविषयी जैन वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. यात्रा करून परतताना बहुतेक कुटुंबे खरेदीसाठी, नातलगांच्या भेटीसाठी किंवा बँकेच्या कामासाठी शहरातील एका गजबजलेल्या रस्त्यावर हमखास येतात. त्या रस्त्याचे नाव शरणपूर रोड. महापालिकेचे मुख्यालय असलेले राजीव गांधी भवन याच रस्त्यावर आहे, कॅनडा कॉर्नर येथेच आहे. पत्ता सांगताना दिवसातून दहा वेळा उच्चारले जाणारे हे नाव कोठून आले, हे विचारण्याची सवड मात्र सहसा कोणाला होत नाही.

नावात उरलेले गाव

नाशिकमध्ये चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील संस्थेचे काम १८३२ मध्ये सुरू झाले. पुढे १८५४ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्रींनी त्या काळच्या शहराबाहेर ख्रिस्ती लोकांसाठी एक स्वतंत्र गाव वसवले. धर्मांतर केलेल्या माणसाला त्याची जात, त्याचे गाव आणि पुष्कळदा त्याचे घरही तोडून टाकत असे. अशा लोकांना राहायला जागा आणि हाताला काम हवे, म्हणून हे गाव. शाळा, अनाथ मुलांचे वसतिगृह आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारख्या कसबांच्या कार्यशाळा तेथे उभ्या राहिल्या. गावाला नाव दिले गेले ते शरणपूर, म्हणजे शरण आलेल्यांचे पूर.

जैन घरांत हा शब्द परका नाही. मंगलपाठातील चार शरणांचे स्मरण लहान मूलसुद्धा झोपण्यापूर्वी करते. शरण म्हणजे जेथे भय संपते ते स्थान, आणि भय संपवणारे दान म्हणजे अभयदान, ही शिकवण ज्यांच्या कानावर बालपणापासून पडते त्यांनी शरणपूरची पुढची हकिकत ऐकावी अशीच आहे.

आज नाशिक शहराने ते गाव पोटात घेतले आहे. त्या परिसरात सेंट अँड्र्यूज चर्च आहे, ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती आहे. पण शहराबाहेरचे ते वेगळे गाव आता दिसत नाही. जे ठळकपणे उरले आहे ते रस्त्याच्या पाटीवरील नाव.

समुद्रावरून आलेली मुले

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हिंदी महासागरात माणसांचा व्यापार जोरात होता. आफ्रिकेच्या अंतर्भागातून, आजच्या मलावी, मोझांबिक, टांझानिया या प्रदेशांतून, पकडलेली माणसे किनाऱ्यावर आणली जात आणि झांझिबारच्या बाजारात विकली जात. तेथून ती गलबतांत कोंबून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे पाठवली जात. या गलबतांवर पाळत ठेवणाऱ्या ब्रिटिश आरमाराच्या जहाजांनी एखादे गलबत पकडले की त्यातील माणसे मोकळी होत. प्रश्न असा उभा राही की, मोकळी झालेली ही माणसे जाणार कोठे? त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा असे. आपले गाव कोणत्या नदीकाठी होते एवढेच त्यांतल्या काहींना आठवे. काहींना तेही नाही. अशांपैकी पुष्कळांना मुंबईला आणण्यात आले आणि १८६० च्या आगेमागे शरणपूर येथे त्यांच्यासाठी आफ्रिकी आश्रयगृह सुरू झाले.

सह्याद्रीच्या पलीकडे, गोदावरीच्या काठच्या तीर्थक्षेत्राशेजारी, आफ्रिकेची ही मुले वाढली. लिहिणे-वाचणे, इंग्रजी, बायबल आणि एखादे कसब, असे शिक्षण त्यांना मिळाले. गुलामीतून सुटका झाली, पोटाला अन्न मिळाले, हातात विद्या आली. या जमेच्या बाजूबरोबर दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्यांची नावे बदलली गेली, धर्म बदलला गेला. सायमन प्राइस, कॅरस फॅरार, रिचर्ड आयझेनबर्ग ही त्यांच्यातील काहींची नावे पाहिली तर त्यात नाशिक-मुंबईच्या मिशनऱ्यांचीच आडनावे दिसतात. आईबापांनी ठेवलेले नाव कोणते होते, हे बहुतेकांच्या बाबतीत आज कोणालाही सांगता येत नाही. शरण मिळाली, ती मिशनच्या अटींवर मिळाली. उपकाराचा हिशेब मांडताना ही नोंद पुसून टाकणे योग्य होणार नाही. आणि या नोंदीमुळे तो उपकार शून्य ठरतो, असे म्हणणेही योग्य होणार नाही.

चितांबोपासून बागामोयोपर्यंत

प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये मुंबईत आला, तेव्हा आफ्रिकेतील आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी त्याने शरणपूरचे काही तरुण बरोबर घेतले. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी झांझिबारहून जी माणसे पाठवली गेली, त्यांतही शरणपूरचे तरुण होते. जेकब वेनराइट, कॅरस फॅरार, मॅथ्यू वेलिंग्टन ही त्यांतली काही नावे. लिव्हिंगस्टनचा दुसरा सोबती चुमा हा मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत काही काळ शिकलेला होता.

मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबो या गावी लिव्हिंगस्टनचा मृत्यू झाला. सोबत एकही गोरा माणूस नव्हता. त्याला तेथेच पुरून परत फिरले असते, तर या माणसांना कोणी जाब विचारला नसता. त्यांनी मात्र निराळा निर्णय घेतला. त्याचे हृदय तेथील एका झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. मग देह उन्हात सुकवून, झाडाच्या सालीत आणि कापडात गुंडाळून, चुमा आणि सुसी यांच्या नेतृत्वाखाली ही मंडळी किनाऱ्याकडे निघाली. दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर, रोगराई, उपासमार, वाटेतील लोकांचा विरोध. सुमारे नऊ महिने चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये ती बागामोयो या बंदरावर पोहोचली.

बागामोयो आज टांझानियात आहे. तेथील कॅथॉलिक मिशनची स्थापना १८६८ ची. ज्या जुन्या चर्चमध्ये तो देह एका रात्रीपुरता ठेवला गेला, त्याचा मनोरा अजून उभा आहे आणि लिव्हिंगस्टनच्या नावानेच ओळखला जातो. पाहुण्यांना तेथे नाव ऐकू येते ते लिव्हिंगस्टनचे. वाहून आणणाऱ्यांपैकी एकटा वेनराइट देहाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. गुलामांच्या गलबतातून सुटून शरणपूरच्या बाकावर अक्षरे गिरवलेला मुलगा इंग्लंडच्या राजांच्या समाधिस्थळी उभा होता. नाशिकच्या रस्त्याच्या पाटीवरील त्या पाच अक्षरांमागे एवढा मोठा प्रवास आहे.

पैलतीरावरची घंटा

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांना १८७२ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बोलणी करण्यासाठी झांझिबारला पाठवण्यात आले. मुंबईतील फ्लोरा फाउंटन मुळात याच फ्रेअर यांच्या सन्मानार्थ उभारले गेले होते. १८७३ च्या जूनमध्ये, ब्रिटिश आरमाराच्या धाकाखाली, सुलतान बर्घशने करारावर सही केली आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. आता सुटलेल्या माणसांची सोय आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच करावी, असे ठरले. ते काम करण्यासाठी नेमणूक झाली ती शरणपूर वसवणाऱ्या प्राइस यांची. मोंबासा बेटासमोर मुख्य भूमीवर १८७५ मध्ये नवी वस्ती आकाराला आली. तिचे नाव फ्रेअर टाउन. शरणपूरचे आफ्रिकी आश्रयगृह बंद झाले आणि तेथील माणसे या वस्तीचे शिक्षक, सुतार, लोहार आणि धर्मोपदेशक म्हणून समुद्र ओलांडून परत गेली. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. आफ्रिकेत जन्मलेल्या माणसांना आफ्रिकेतच मुंबईच्या नावाने ओळखले जावे, हा काळाचा विलक्षण खेळ होता.

मोंबासाच्या वायव्येस असलेल्या टेकड्यांत राबाई हे त्याहून जुने ठाणे आहे. योहान लुडविग क्राप्फ आणि योहानेस रेबमान या जर्मन पाद्रींनी ते १८४६ मध्ये स्थापन केले. शरणपूरचे विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे १८६४ मध्येच रेबमानच्या मदतीला तेथे पोहोचले होते. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये चर्चची पहिली दीक्षा मिळाली. याच जोन्सकडे पुढे राबाईची जबाबदारी आली, आणि येथे या कथेतील सर्वांत मोलाची घटना घडली.

समुद्रावरचा व्यापार थांबला, तरी किनाऱ्यावरच्या मळ्यांतील गुलामी चालूच होती. तेथून पळालेली माणसे राबाईच्या टेकडीवर येऊ लागली. कायद्याने ती मालकांची मालमत्ता होती. त्यांना थारा देऊ नये, असे वरून बजावले जात होते. मालक हत्यारे घेऊन येण्याची भीती तर रोजचीच. तरीही जोन्सच्या राबाईत पळून आलेल्यांच्या झोपड्या वाढत गेल्या. ज्याला बालपणी परक्या देशात कोणी शरण दिली होती, तो आता दुसऱ्याला शरण देत होता.

शेवटी तोडगा निघाला तो हिशेबाच्या मार्गाने. पूर्व आफ्रिकेत नव्याने आलेल्या ब्रिटिश कंपनीचे प्रशासक मॅकेंझी यांनी मालकांना मोबदला देऊन मिशनच्या ठाण्यांवर लपलेल्या सुमारे १,४०० माणसांची मुक्तता करवली. १ जानेवारी १८८९ रोजी राबाई येथे त्यांना मुक्ततेचे दाखले देण्यात आले. देहूच्या वाण्याने कागद पाण्यात सोडून माणसे मोकळी केली. राबाईत पैसा मोजून, कागद लिहून माणसे मोकळी झाली. दोन्ही रीती निराळ्या आहेत. परंतु दोन्हींत एका माणसावरचा दुसऱ्याचा हक्क वहीतून कायमचा कमी झाला.

फ्रेअर टाउनची कहाणी सर्वस्वी उज्ज्वल नव्हती. १८८१ च्या सुमारास तेथील गोऱ्या व्यवस्थापकाने वस्तीतील माणसांना फटक्यांच्या शिक्षा दिल्याचे प्रकरण गाजले आणि त्याची चौकशी झाली. शिकलेल्या बॉम्बे आफ्रिकनांना गोऱ्यांच्या बरोबरीचा मान मिळाला नाही, ही सल राहिली. विसाव्या शतकात मोंबासा शहर पसरत गेले आणि नाशिकप्रमाणेच तेथेही जुनी वस्ती शहरात विरून गेली. चर्च उरले, आणि उरली एका छोट्या मनोऱ्यातील घंटा. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की वस्तीला सावध करण्यासाठी ही घंटा वाजवली जाई, असे सांगतात. त्या चौकाला आजही ‘केंगेलेनी’ म्हणतात. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ ‘घंटेपाशी’. राबाईच्या जुन्या चर्चमध्ये १९९४ पासून संग्रहालय आहे. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत हयात होता. लिव्हिंगस्टनचा देह खांद्यावर वाहणाऱ्यांपैकी एक माणूस मोंबासात इतक्या अलीकडेपर्यंत नांदत होता. त्याच सुमारास, १९३४ मध्ये, मुक्त झालेल्या गुलामाचे पुत्र जेम्स म्बोटेला यांचे ‘उहुरू वा वातुम्वा’, म्हणजे ‘गुलामांची मुक्ती’, हे स्वाहिली पुस्तक प्रसिद्ध झाले. मुक्त झालेल्यांची हकिकत त्यांच्याच घरातील लेखणीने लिहिली गेली.

वहीची दुसरी बाजू

या साऱ्या इतिहासात भारतीय व्यापारी कोठे होते, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांच्या मासिकात टाळता येणार नाही. झांझिबारच्या जकातीचा मक्ता अनेक दशके कच्छहून गेलेल्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. हस्तिदंत, लवंग आणि गुलाम या तिन्हींवरील जकात त्याच नाक्यावर भरली जाई. अंतर्भागात जाणाऱ्या काफिल्यांना माल आणि भांडवल उधारीवर मिळे ते भारतीय पेढ्यांकडून. झांझिबारमधील भारतीयांच्या घरांत गुलाम होते. १८६० मध्ये ब्रिटिश वकील रिग्बी यांनी अशा हजारो गुलामांना मोकळे केले. कच्छच्या रावांना आपल्या प्रजेने या व्यवहारापासून दूर राहावे, असा जाहीरनामा काढावा लागला. त्याच काळाची दुसरी नोंदही आहे. झांझिबारच्या बंद पडलेल्या गुलामांच्या बाजाराच्या जागी पुढे चर्च उभे राहिले. त्या जागेपैकी काही भाग एका हिंदू व्यापाऱ्याने मिशनला दान दिला, असे मिशनचा इतिहास सांगतो. खतावणीच्या एकाच पानावर नावे आणि जमा अशा दोन्ही नोंदी असतात.

पेढी कच्छची असो वा अन्य कोणाची, आफ्रिकेचा हस्तिदंत उतरत होता मुंबई बंदरात. तेथून काही माल लंडनला जाई, आणि काही गुजरात-मारवाडच्या चुडेगरांकडे. विवाहात नवरीच्या हाती हस्तिदंती चुडा भरण्याची चाल ज्या प्रदेशांत होती, त्या प्रदेशांतून अनेक जैन कुटुंबे महाराष्ट्रात आली. एखाद्या घराच्या जुन्या पेटीत पणजीचा पिवळसर पडलेला चुडा अजूनही निघेल. तो घालणाऱ्या माउलीने आयुष्यात मुंगीही दुखावली नसेल; पण हत्तीचा तो दात किनाऱ्यापर्यंत येताना पुष्कळदा कोणत्या खांद्यावरून आला होता, हे तिला कोणीच सांगितले नव्हते.

जैन शास्त्राने मात्र हे फार पूर्वी सांगून ठेवले होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणात येते, आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात ती उलगडून दाखवली आहे. त्यांत एक दंतवाणिज्य आहे आणि एक केशवाणिज्य आहे. पहिल्याचा अर्थ हस्तिदंतासारख्या वस्तूंचा व्यापार. दुसऱ्याचा अर्थ हेमचंद्राचार्य स्पष्ट करतात तो असा की, दोन पायांच्या आणि चार पायांच्या जीवांची विक्री. दोन पायांचा जीव म्हणजे माणूस. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हे दोन्ही निषिद्ध व्यापार एकाच वाटेने, एकाच काफिल्यातून चालत होते. प्रतिक्रमणात अतिचार म्हणताना ही नावे भरभर ओठांवरून जातात. शरणपूरची हकिकत कळल्यावर त्या दोन शब्दांपाशी जीभ थोडी अडखळली तर बरेच आहे.

त्या किनाऱ्याशी जैनांचे नाते पुढे थेटही जुळले. जामनगरच्या बाजूचे ओसवाल विसाव्या शतकात केनियात स्थिरावले, दुकानांतून उद्योगांत गेले, आणि मोंबासात १९६३ मध्ये शिखरबंद जिनालय उभे राहिले. तेथे येणाऱ्या यात्रेकरूला ‘घंटेपाशी’ जाऊन यायला फार वेळ लागणार नाही. भारतात १९९१ च्या कायदादुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावरही बंदी आली. शास्त्राने जे नको म्हटले, ते राज्याच्या कायद्याने नको म्हणायला एवढी शतके लागली.

परतीच्या वाटेवर, दिवेलागणीच्या सुमारास, चाकणजवळ वाहने पुन्हा मंदावतात. कंटेनर बंदराकडे निघालेले असतात. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाजच्या दुचाकी आज केनिया-युगांडाच्या रस्त्यांवर ‘बोडा-बोडा’ म्हणून माणसे वाहतात. या पट्ट्याचा आणि त्या किनाऱ्याचा व्यापार थांबलेला नाही, तो वाढतच आहे. एका टोकाला बसून माल पाठवणाऱ्याला दुसऱ्या टोकाचा माणूस दिसत नाही, ही अडचणही जुनीच आहे. तांबे, कोबाल्ट, कापूस, चॉकलेटचा कोको, हिरे, कोणताही माल वहीत लिहिताना तो कोणाच्या खांद्यावरून आला, एवढे एक पान व्यापाऱ्याने जोडून ठेवावे. त्यासाठी पदवी लागत नाही, चौकशी लागते.

मोशीचा पूल येतो. खाली इंद्रायणी अंधारात वाहत असते. नाशिकच्या पिशव्यांत चिवडा, मनुका आणि गजपंथाचा फोटो असतो. घरी पोहोचल्यावर मुलांनी विचारले की नाशिकला काय पाहिले, तर या वेळी टेकडीबरोबर रस्त्याच्या त्या पाटीचीही गोष्ट सांगता येईल.